निळू, अस्वल आणि ससा : काडीवरच्या केकची गोष्ट

कॅरॅक्टरवाले केक पॉप्स, म्हणजे काडीवर खोचून चॉकलेटमध्ये बुडवलेले केकचे गोळे, करायचे म्हटलं की लोक आधी ओव्हन तापवतात, मी आधी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पुढचं बरंचसं त्यामुळेच निभावलं असं माझं ठाम मत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

भाचीला सहा वर्षं पूर्ण होणार होती आणि तिचं फर्मान असं की पार्टीला तिच्या लाडक्या कार्टूनमधली सगळीच्या सगळी मंडळी काडीवर आली पाहिजेत. कार्टूनचं नाव मुद्दाम देत नाही, मुलांचं वेड दर दोन महिन्यांनी बदलतं, करायची पद्धत तीच राहते. सगळी मंडळी म्हणजे डझनभर, त्यात एक ड्रॅगन, एक चष्मेवाल्या आजी आणि एक चक्क बोलणारा धबधबा. मग आमच्या वाटाघाटी झाल्या. "आत्या, धबधबा तर हवाच" इथून सुरू होऊन "बरं मग निळू, अस्वल आणि ससा, पण निळू सगळ्यात जास्त" इथपर्यंत यायला बराच वेळ गेला. पण हा वेळ घालवाच. तीनच्या वर कॅरॅक्टर घेतली की रंगांच्या वाट्या वाढतात, प्रत्येक वाटी कोमट ठेवत बसावं लागतं, आणि एक नीट करेपर्यंत दुसरी घट्ट होते. तर निळू म्हणजे परग्रहावरचा निळा प्राणी, एकच डोळा आणि डोक्यावर दोन अँटेना. अस्वल गुप्तहेर आहे त्यामुळे त्याला टोपी. ससा कायम घाबरलेला.

केक पॉपचा तीसेक ग्रॅमचा गोळा जेमतेम साडेतीन-पावणेचार सेंटीमीटर व्यासाचा होतो. कागदावर त्याच मापाची वर्तुळं काढली आणि त्यात एकेकाचा चेहरा बसवायला घेतला. पोस्टरवर दिसतं ते सगळं तिथे मावतच नाही हो, भुवया, दात, गालावरचे ठिपके, कोटाची बटणं, सगळं काढत गेलं की शेवटी नुसता गिचमिडकाला उरतो. म्हणून उलटं केलं, सगळं काढून मग एकेक गोष्ट खोडत गेले आणि बघत गेले की नेमकं काय गेल्यावर तो ओळखू येईनासा होतो. निळूचं तोंड खोडलं तरी तो निळूच राहतो, पण अँटेना खोडल्या की नुसता निळा गोळा. अस्वलाची टोपी काढली तर ते जगातलं कुठलंही अस्वल होतं, त्यामुळे टोपीला पर्याय नाही, कोट मात्र गेला तरी चालतो. सशाला कान तर हवेतच, पण त्याचा घाबरटपणा कशात आहे म्हणाल तर दोन डोळ्यांमधल्या जरा जास्तच अंतरात. शेवटी प्रत्येकाला तीन गोष्टी ठेवल्या, चौथी नाही. मग ते कागद दादासमोर धरले, तो कार्टून बघत नाही, फक्त येताजाता कानावर पडतं एवढंच, त्याने तिन्ही ओळखले. म्हटलं चला, पास.

गाजलेली कॅरॅक्टर मुळातच अशी बेतलेली असतात हे तेव्हा लक्षात येतं. मिकी माउस १९२८ पासून आहे आणि आजही तीन वर्तुळं योग्य जागी ठेवली की पोरं नाव घेतात, त्याने तोंड कुठेही वळवलं तरी कान बहुतेक वेळा गोलच काढतात. १९७४ साली आलेल्या हॅलो किटीला तोंडच नाही, कुणाचं काही अडलेलं नाही. त्यामुळे तुमच्या घरचं जे कुठलं कॅरॅक्टर असेल त्यात आधी हे शोधा, बाहेरची आकृती काय, मुख्य रंग कुठला आणि चेहऱ्यावरची एकच खूण कोणती. बाकीचं सोडून द्या, ते मुलांच्या डोक्यात आधीच भरलेलं असतं.

आणि डोळ्यांची जागा! कोनराड लोरेन्झ नावाच्या ऑस्ट्रियन प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९४३ मध्ये मांडलं होतं की मोठं कपाळ, चेहऱ्यावर खालच्या बाजूला बसलेले मोठे डोळे आणि गुबगुबीत गाल दिसले की आपल्याला ते पिल्लू वाटतं आणि माया येते. गोळ्यावर हे लगेच पटतं. मधल्या रेषेच्या किंचित खाली आणि एकमेकांपासून लांब डोळे लावले की अस्वल लाडिक दिसतं, तेच डोळे वर आणि जवळजवळ लावले की चिडलेल्या हेडमास्तरांसारखं रोखून बघतं.

आता केक. हा भाग मी पटकन उरकते कारण इथे फार काही कौशल्य नाही. केक पॉप्स हे खूळ तसं ताजंच, २००८ च्या सुमारास अमेरिकेत अँजी डडली या बाईंनी 'बेकरेला' या नावाने ते गाजवलं आणि २०११ मध्ये स्टारबक्सनेही ते विकायला ठेवले. मूळ पद्धत म्हणजे केकचा चुरा करायचा, त्यात फ्रॉस्टिंग (केकवर लावतात ते गोड क्रीम) घालून मळायचं, गोळे वळायचे. आता गोल साच्यात थेट बेक करायची यंत्रंही मिळतात, त्यातले पॉप्स हलके आणि केकसारखे लागतात खरे, पण त्यात कान, टोपी असं काही खोचायला गेलं की भुसभुशीतपणामुळे खचतात. चेहरे करायचे असतील तर चुऱ्याचीच पद्धत. केक साधा व्हॅनिलाचा किंवा चॉकलेटचा, फार तुपकट नको आणि आदल्या दिवशीचा असला तर उत्तम. कडेची कडक, जास्त भाजलेली सालं काढून टाकायची, ती चुऱ्यात मिसळत नाहीत आणि गोळ्यावर टेंगळं येतात. एक सांगते, फिकट रंगाचं कॅरॅक्टर असेल तर आतला केकही फिकटच घ्या, पांढऱ्या सशाच्या आत चॉकलेट केक असला की पातळ कोटिंगमधून तो काळपट दिसतो.

खरी मेख फ्रॉस्टिंगच्या प्रमाणात आहे. सगळीकडे 'केकमध्ये फ्रॉस्टिंग मिसळा' एवढंच लिहितात आणि लोक वाटीभर ओततात. अर्धा किलो चुऱ्याला मी साधारण ऐंशी ग्रॅम बटरक्रीमपासून (लोणी-साखरेचं फ्रॉस्टिंग) सुरुवात केली आणि शंभराच्या आसपास थांबले, तेही चमच्या-चमच्याने वाढवत. केक किती ओलसर आहे त्यावर हे बदलतं, त्यामुळे ग्रॅमपेक्षा हाताला विचारा. मूठभर मिश्रण दाबलं की त्याचा गोळा झाला पाहिजे, गोळा दोन बोटांनी दाबला की कडेला बारीक चीर पडली पाहिजे, आणि हात तेलकट व्हायला नको. चीर न पडता नुसतंच दबत गेलं तर फ्रॉस्टिंग जास्त झालंय, त्यात आणखी चुरा घाला, कारण असला गोळा काडीवरून हळूहळू खाली सरकतो, आणि नंतर त्यातलं तूप कोटिंगमधून थेंबाथेंबाने बाहेर झिरपतं ते वेगळंच. खायलाही तो केक लागत नाही, गोड लगदा लागतो. केक पॉप्सना नावं ठेवणारी बहुतेक माणसं हा लगदा खाऊनच तसं म्हणतात असा माझा संशय आहे.

गोळे वजन करून केले, तीस ग्रॅमचा एक. वजनकाटा नसेल तर आइस्क्रीमच्या छोट्या स्कूपने करा, पण अंदाजपंचे नको, शेजारीशेजारी ठेवल्यावर एक निळू मोठा आणि एक बारका दिसला की "हा आजारी आहे का" असं विचारणारी मुलं असतात. अर्धा किलो केकमध्ये वीसेक गोळे होतात. ते आधी खरबरीत वळून दहा-पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवायचे आणि मग पुन्हा एकदा तळहातावर फिरवून गुळगुळीत करायचे, दुसऱ्यांदा वळताना जो गुळगुळीतपणा येतो तो पहिल्यांदा कितीही रगडलं तरी येत नाही.

आता चॉकलेट, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण सगळी गंमत आणि सगळा वैताग इथेच आहे.

खऱ्या चॉकलेटमध्ये कोको बटर असतं. ते नुसतं वितळवून लावलं तर नीट सेट होत नाही, मऊ राहतं, वर पांढुरके पट्टे येतात. त्याला टेंपर करावं लागतं, म्हणजे वितळवायचं, थंड करायचं, परत नेमक्या तापमानाला आणायचं, डार्कसाठी साधारण ३१-३२ अंश सेल्सिअस, मिल्कसाठी २९-३० आणि व्हाईटसाठी त्याहून थोडं कमी. तीन रंगांची वाटी घेऊन हे करत बसायला माझ्याकडे तीन हात नव्हते. कंपाऊंड चॉकलेट किंवा कँडी मेल्ट्समध्ये कोको बटरऐवजी पाम कर्नलसारखं वनस्पती तेल वापरलेलं असतं, त्याला टेंपर करायची गरज नसते, वितळवलं, बुडवलं, सेट झालं. चवीला ते खऱ्या चॉकलेटच्या जवळपासही नाही हे मान्य, पण सहा वर्षांच्या पोरांना त्या दिवशी चवीची चिकित्सा करायची नसते. मोठ्यांसाठी वेगळे डार्क चॉकलेटचे करा हवं तर, बिनचेहऱ्याचे.

वितळवताना मायक्रोवेव्ह अर्ध्या पॉवरवर, तीस सेकंद, ढवळायचं, परत तीस सेकंद. शेवटच्या काही गुठळ्या उरल्या की बंद करून नुसतं ढवळत राहायचं, त्या आपोआप विरघळतात. ४५ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नाही, व्हाईट तर पटकन करपतं आणि मग ते घट्टच होत जातं. आणि पाणी! वाटी ओली, चमचा ओला, वरून वाफेचा एखादा थेंब, एवढ्यानेही साखर ते पाणी ओढून घेते आणि अख्खी वाटी गचकन गोळा होऊन बसते. त्यामुळेच नेहमीचे जेल कलर इथे चालत नाहीत, त्यात पाणी असतं. तेलात विरघळणारे रंग घ्यायचे, पाकिटावर कँडी कलर किंवा ऑइल बेस्ड असं लिहिलेलं असतं. किंवा पावडर कलर.

निळूचा निळा हा स्वतंत्र विषय आहे. व्हाईट कंपाऊंड पांढरंशुभ्र कधीच नसतं, त्यात पिवळट झाक असते, आणि पिवळ्यात निळा घातला की काय होतं हे पहिलीतल्या मुलांनाही माहीत आहे. आकाशी करायला गेलं की हिरवट मोरपंखी होतं. उपाय सोपा, निळा घालण्याआधी टूथपिकच्या टोकावर मावेल एवढाच जांभळा घालायचा, तो पिवळेपणा मारतो, आणि मग निळा. जांभळा जास्त झाला तर सगळंच राखाडी होतं म्हणून टोकावर म्हटलं तर टोकावरच. हीच युक्ती सशाच्या पांढऱ्यालाही लागू आहे. पांढरेपणासाठी काही रंगांमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड असतो, युरोपियन युनियनने २०२२ मध्ये तो खाण्याच्या पदार्थांत वापरायला बंदी घातली, म्हणून मी तसला पांढरा रंग घेतलाच नाही, ससा थोडा क्रीम कलरचा झाला आणि कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. रंग घातल्यावर थोडा वेळ थांबायचं, बहुतेक रंग नंतर अजून गडद होतात, गडद काळा आणि लाल तर पांढऱ्यापासून करायच्या भानगडीत पडूच नका, काळा करायचा तर डार्क कंपाऊंडमध्ये काळा रंग घाला, लाल सरळ तयार लाल कँडी मेल्ट्स आणा.

कोटिंग किती पातळ हवं? चमचा उचलला की सलग, न तुटता धार पडली पाहिजे. घट्ट वाटलं तर वास नसलेलं खोबरेल तेल किंवा व्हेजिटेबल शॉर्टनिंग (घट्ट वनस्पती तूप) घालायचं, पाव किलोला एक छोटा चमचा, मग बघून आणखी थोडं. दूध किंवा पाणी घालून पातळ करायचा मोह झाला तर वर पाण्याबद्दल लिहिलंय ते परत वाचा. आणि वीस पॉप्सना साडेतीनशे-चारशे ग्रॅम लागत असलं तरी वितळवायचं सहाशेच्या आसपास, कारण उथळ वाटीत गोळा पूर्ण बुडत नाही. उभट, अरुंद ग्लास घ्या.

काड्या. जाड कागदी लॉलीपॉप स्टिक, साधारण पंधरा सेंटीमीटरची. टोकाचा एक-दीड सेंटीमीटर भाग वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून मग गोळ्यात अर्ध्यापर्यंत खोचायचा, आरपार नाही. तिथे चॉकलेट सेट झालं की तोच डिंक. हे केल्यावर गोळे परत पंधरा-वीस मिनिटं फ्रीजमध्ये, फ्रीझरमध्ये नाही. हा फ्रीझर-फ्रीजचा फरक फार महत्त्वाचा आहे. गारढोण गोळा कोमट चॉकलेटमध्ये बुडवला की बाहेरचं कोटिंग पटकन आवळतं आणि आतला केक मात्र हळूहळू गरम होऊन फुगायला लागतो, मग दहा मिनिटांनी टिक् असा आवाज येतो आणि अस्वलाच्या कपाळाला तडा. म्हणून गोळा घट्ट हवा पण गारठलेला नको, फ्रीजमधून काढून पाच-दहा मिनिटं बाहेर ठेवायचा आणि एका वेळी चार-पाचच काढायचे. तरीही एखाद्याला तडा गेलाच तर पूर्ण सेट झाल्यावर पुन्हा एकदा पातळ कोटिंग द्यायचं, झाकला जातो. अस्वलाच्या बाबतीत टोपी कामाला येते.

बुडवायचं कसं, तर सरळ खाली, सरळ वर. आत गोल गोल फिरवायचं नाही, फिरवलं की काडी सैल होते आणि गोळा ग्लासच्या तळाशी जाऊन बसतो. काडी जिथे गोळ्यात शिरते तिथपर्यंत चॉकलेट आलंच पाहिजे, तिथे फट राहिली तर तेल नेमकं तिथूनच गळतं. वर काढला की एका हातात काडी तिरकी धरायची आणि त्याच हाताच्या मनगटावर दुसऱ्या हाताने हलकेच टपटप मारत राहायचं, काडी मधूनमधून बोटांत फिरवत, म्हणजे जास्तीचं गळून जातं आणि खाली गळा तयार होत नाही. ग्लासच्या कडेवर काडी आपटू नका, धक्का जोराचा बसतो. हे टपटप दिसतं किरकोळ पण सगळा गुळगुळीतपणा त्यात आहे. माझ्या मदतीला वहिनी होती, तिचा हात माझ्यापेक्षा हलका, त्यामुळे बुडवायचं खातं तिच्याकडे गेलं आणि मी कानांकडे वळले. उभे करायला थर्मोकोलचा जाड तुकडा, त्याला आधीच भोकं पाडून ठेवलेली. ओला पॉप हातात धरून भोक पाडायला गेलात तर कोटिंग खाली ओघळतं.

कानांचं गणित असं की काही गोष्टी बुडवायच्या आधी लावायच्या आणि काही नंतर, आणि हे कागदावरच ठरवून ठेवायचं. अस्वलाचे कान डोक्याच्याच रंगाचे, म्हणून चॉकलेटची छोटी बटणं गोळ्यावर वितळलेल्या चॉकलेटने आधी चिकटवली, ती घट्ट बसल्यावर सगळंच एकत्र बुडवलं, त्यामुळे कान डोक्यातूनच आल्यासारखे दिसतात, सांधा दिसत नाही. सशाचे कान लांब, आत गुलाबी, ते आधी लावले तर बुडवताना मोडणार. ते फॉन्डंटचे (साखरेची कणकेसारखी मळता येणारी लगदी) करून दोन दिवस आधीच उघड्यावर वाळवायला ठेवले होते, खाली टोकदार निमुळते, म्हणजे कोटिंग ओलं असतानाच खोचता येतात. निळूच्या अँटेना पण फॉन्डंटच्याच, बारीक वळून वाळवलेल्या. तारेच्या तुकड्यांच्या, टूथपिकच्या अँटेना लावतात काही जण, फोटोत फार सुरेख दिसतात, पण पोरगं तो पॉप सरळ तोंडात कोंबणार आहे हे विसरू नका. जे खाता येत नाही ते गोळ्यावर नको, अपवाद फक्त काडीचा. टोपी म्हणजे डार्क चॉकलेटची चकती आणि त्यावर अर्धा चॉकलेट गोळा, बस, लांबून बघितलं की टोपी.

चेहरे मात्र कोटिंग पूर्ण सेट झाल्यावरच. ओल्यावर साखरेचे तयार डोळे लावले की ते गालावरून घसरत हनुवटीपर्यंत येतात. सेट झालं की मागे कोटिंगचा ठिपका लावून चिकटवायचे. निळूचा मोठा डोळा मी फॉन्डंटची पांढरी चकती कापून केला, बुबुळ वितळलेल्या काळ्याने. खाण्याच्या शाईची पेनं मिळतात ती फॉन्डंटवर छान चालतात, पण कंपाऊंडवर नाही, शाई पाण्याची आणि पृष्ठभाग तेलकट, रेघ उमटते न उमटते आणि बोट लागलं की पुसली जाते. त्यासाठी टूथपिक सर्वांत भारी, टोक काळ्या कोटिंगमध्ये बुडवायचं आणि टेकवायचं, ओढायचं नाही. सशाचं नाक गुलाबी ठिपका. सशाचे डोळे मुद्दाम लांब लांब, बुबुळं जरा वर. एक गोष्ट करून बघा, सगळ्यांचे डोळे एकदमच लावा, मग सगळ्यांची नाकं, मग तोंडं. एकेक पूर्ण करत गेलं की पहिला आणि शेवटचा वेगवेगळ्या आईबापांचे दिसतात. डोळ्यात पांढरा चमकता ठिपका दिला की जीव येतो, तो विसरू नका, कागदावर मी तीनच गोष्टी म्हटल्या होत्या पण हा ठिपका मी त्यात धरतच नाही.

चमकीबद्दल जरा कडक बोलते. अँटेनाच्या टोकांना सोनेरी चमक हवी अशी भाचीची इच्छा होती आणि घरात लस्टर डस्टची (सजावटीची चमकदार पूड) एक डबी होतीही, त्यावर 'नॉन-टॉक्सिक' लिहिलेलं. नॉन-टॉक्सिक म्हणजे खाण्याजोगं असं नाही. अमेरिकेत रोड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाचा केक खाऊन सहा मुलांना उलट्या-जुलाब झाले होते, केकवरची ती गुलाबी-सोनेरी पूड जवळजवळ सगळी तांब्याची निघाली. खाण्याच्या पुडीवर 'एडिबल' असा शब्द आणि घटकांची यादी असते, या दोन्ही गोष्टी नसतील तर ती डबी दाखवायच्या केकवर वापरा, खायच्या नाही. अँटेनांना शेवटी पिवळे गोल स्प्रिंकल्स, म्हणजे साखरेचे रंगीत दाणे, लावले, भाची म्हणाली चालेल, पण नाक मुरडून.

आणि काडीवरचा अख्खा पॉप आलेल्या सगळ्यांसाठी नाही. पाहुण्यांमध्ये धाकटी भावंडं असतातच, चार वर्षांखालच्यांना गोल, कडक, छोटी गोष्ट घशात अडकायची भीती असते, आणि तोंडात काडी घेऊन पळणारं मूल बघून माझा तर जीव वर येतो. त्यांच्यासाठी वहिनीने आधीच ठरवलं होतं, काडी काढून, पॉपचे चार तुकडे करून ताटलीत, बसूनच खायचं. आणि पार्टीच्या आधी सगळ्या आयाबाबांना मेसेज टाकून कुणाला दूध, अंडं, शेंगदाणे, सुकामेवा कशाची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारून घेतलं, तेही खरेदीच्या आधी, कारण कंपाऊंडच्या पाकिटावर बारीक अक्षरांत 'नट्सचा अंश असू शकतो' असं बऱ्याचदा असतं आणि ते चॉकलेट वितळल्यावर वाचून उपयोग काय.

ठेवायचं कुठे हा शेवटचा प्रश्न. माझं मत, सजवलेले पॉप्स फ्रीजमध्ये ठेवू नयेत. बाहेर काढले की हवेतली वाफ त्यांच्यावर जमते, घाम फुटतो, काळा रंग निळ्यात उतरतो आणि फॉन्डंटचे कान चिकट होऊन लवायला लागतात. बटरक्रीम लोण्याचं आणि साखर भरपूर असेल तर गार, कोरड्या खोलीत झाकून एक-दोन दिवस आरामात राहतात. क्रीम चीजचं फ्रॉस्टिंग असेल तर मात्र फ्रीजला पर्याय नाही, म्हणूनच चेहरेवाल्या पॉप्सना ते घेऊ नये. फारच उकडत असेल आणि फ्रीज लागलाच तर हवाबंद डब्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर डबा बंदच राहू द्या, घाम डब्याला फुटू दे. गोळे मात्र सजावटीशिवाय, काडीशिवाय, आधी करून फ्रीझरमध्ये ठेवता येतात, मग आदल्या रात्री ते फ्रीजमध्ये हलवायचे. कामाची विभागणी अशीच करा, केक आणि गोळे एका दिवशी, कान-अँटेना त्याच्याही आधी, बुडवणं आणि चेहरे पार्टीच्या आदल्या दिवशी. पार्टीच्या सकाळी फक्त काड्यांना रिबन बांधायच्या. तेवढंही नाही झालं तरी बिघडत नाही.

पार्टीत मुलांनी सगळ्यात आधी कान खाल्ले, मग टोपी, मग चेहरा. निळूचा डोळा बऱ्याच जणांनी शेवटपर्यंत राखून ठेवला. एका मुलीला मात्र सशाला खायचंच नव्हतं, तो आधीच किती घाबरलाय म्हणून, आणि ती रडकुंडीला आली. हे दर पार्टीत एखाद्याचं होतंच असं वहिनी म्हणते, म्हणून आम्ही मुद्दाम काही पॉप्स बिनचेहऱ्याचे, नुसते स्प्रिंकल्स लावलेले ठेवले होते, तिला ते दिले आणि ससा तिने कागदात गुंडाळून घरी नेला. बिनचेहऱ्याचे चार-पाच नक्की ठेवा, मोठी माणसंही आधी त्यांनाच हात घालतात.

उरलेलं निळं कोटिंग गाळणीतून गाळून, म्हणजे त्यातला केकचा चुरा निघतो, बटर पेपरवर पसरून घट्ट केलं आणि तुकडे डब्यात भरून ठेवले. ते परत वितळतं. भाचीने डब्यावर स्वतःच्या अक्षरात 'धबधबा' लिहून ठेवलंय.